साइटवरच्या खर्चाचा डेटाबेस: सातारा-सांगलीच्या कंत्राटदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विटा, तासगाव, कराड, फलटण अशा भागांत एकाच वेळी तीन-चार कामं चालवणारे कंत्राटदार, त्यांचे हिशेबनीस आणि त्यांना डेटाबेस करून देणारे प्रोग्रामर यांच्यासाठी आहे. उदाहरणांतले दर आणि रकमा हिशेब कळावा म्हणून धरलेल्या आहेत, त्यांना बाजारभाव समजू नये.

आमचं एक्सेलमध्ये चाललंय. डेटाबेस कशाला हवा?

एकच साइट आणि एकच लिहिणारा असेल तर नको. एक्सेलच ठेवा, उगाच खर्च करू नका.

अडचण दुसऱ्या साइटपासून सुरू होते. एका फाइलीत ‘स्टील’, दुसरीत ‘लोखंड’, तिसरीत ‘सळई व बाइंडिंग वायर’ असतं आणि मार्चमध्ये कुणीतरी रात्रभर बसून हे जुळवतं. एक्सेलला ओळी कमी पडत नाहीत. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, कंत्राटदाराची हयात त्यात जाईल. पण एक्सेल कशालाच हरकत घेत नाही. तारखेच्या रकान्यात ‘परवा’ लिहिलं, रकमेत ‘१२,५०० (बाकी)’ लिहिलं, तरी ते निमूट घेतं. डेटाबेस तिथेच अडवतो. दोन कामांची तुलना जमणार की नाही हे नोंद टाकतानाच ठरून जातं, रिपोर्ट काढायला बसेपर्यंत हातात काही उरलेलं नसतं.

टॅली आहे, त्यात कॉस्ट सेंटरही आहेत. मग?

कॉस्ट सेंटर नीट वापरत असाल तर निम्मं काम झालंच. प्रत्येक साइट एक कॉस्ट सेंटर केली की साइटवार खर्च टॅलीतून मिळतो. मोजमाप पुस्तकातलं झालेलं काम, अंदाजपत्रकाच्या दोन-तीन आवृत्त्या, ब्रास आणि घनमीटरचा मेळ या गोष्टी मात्र त्यात सहज बसत नाहीत. टॅली करांसाठी आणि सीएसाठी राहू द्या. तिथून व्हाउचर एक्सपोर्ट करून डेटाबेसात घ्या आणि टॅलीचा व्हाउचर क्रमांक नोंदीसोबत साठवा. एकच बिल दोन ठिकाणी हाताने टाकायची पद्धत दुसऱ्या महिन्यातच बंद पडते.

टेबलं किती आणि कोणती?

सुरुवातीला नऊ पुरतात.

‘प्रकल्प’: सांकेतिक क्रमांक, कामाचं नाव, तालुका, वर्क ऑर्डरची तारीख, मुदत, कामाचा प्रकार.
‘खर्चशीर्ष’, ‘पक्ष’ आणि ‘एकक’ या तीन याद्या. पक्षात पुरवठादार, मुकादम, गाडीवाला सगळे एकत्र आणि सोबत ‘प्रकार’ हा रकाना.
‘बिल’ आणि ‘बिल ओळ’.
‘पेमेंट’.
‘अंदाजपत्रक ओळ’.
‘झालेलं काम’: कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या भागाचं किती परिमाण झालं.

यातली ‘बिल’ आणि ‘बिल ओळ’ ही फोड महत्त्वाची. हार्डवेअरच्या एका बिलावर खिळे, बाइंडिंग वायर, पाइप आणि रंग असतो आणि त्यातला रंग दुसऱ्याच साइटचा निघतो. म्हणून प्रकल्प, खर्चशीर्ष, परिमाण, एकक, दर, रक्कम हे सगळं ओळीवर ठेवायचं. बिलावर फक्त पक्ष, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण. ओळींची बेरीज बिलाच्या एकूण रकमेशी जुळली नाही तर बिल ‘कच्चं’ राहील, रिपोर्टात येणार नाही, असा नियम घाला.

पेमेंटला स्वतंत्र टेबल हवं, कारण एका बिलाचे तीन हप्ते होतात आणि एका चेकमध्ये चार बिलं भागतात. म्हणजे पेमेंट आणि बिल यांच्यामध्ये जोडणीचं एक छोटं टेबल येतं. ते धरून दहा.

खर्चशीर्षं किती ठेवावीत?

तीस-चाळीस. शंभराच्या वर गेली की लिहिणारा शोधत बसत नाही, ‘इतर’ निवडून मोकळा होतो.

यादी फुगण्याचं कारण नेहमी एकच असतं, दोन वेगळ्या गोष्टी एका नावात कोंबणं. ‘स्लॅबचं सिमेंट’, ‘गिलाव्याचं सिमेंट’, ‘पायाची मजुरी’, ‘स्लॅबची मजुरी’ अशी शीर्षं करू नका. काय घेतलं (सिमेंट, सळई, मजुरी, मशिनभाडं, वाहतूक) हा एक रकाना, ‘साधन’, आणि कशासाठी (पाया, कॉलम, स्लॅब, बांधकाम, गिलावा, फरशी) हा दुसरा, ‘भाग’. बारा साधनं आणि दहा भाग म्हणजे लिहिणाऱ्यासमोर बावीस नावं, पण रिपोर्टात एकशे वीस खाने.

‘इतर’ ठेवावंच लागतं, पण त्याला शेरा सक्तीचा करा. महिनाअखेरीस ‘इतर’ एकूण खर्चाच्या दोन-तीन टक्क्यांवर गेलं तर यादीतलं एखादं शीर्ष राहून गेलंय असं समजा.

ब्रासमध्ये माल येतो आणि घनमीटरमध्ये मोजमाप होतं. काय साठवायचं?

दोन्ही. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

वाळू, खडी, मुरमाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. गिलावा, फरशी, सेंटरिंगवाला ‘ब्रास’ म्हणतो तेव्हा तो १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर असतो. शब्द एक, वस्तू दोन. एककांच्या यादीत नुसता ‘ब्रास’ ठेवला तर एखाद्या दिवशी गिलाव्याचं क्षेत्रफळ वाळूच्या घनफळात मिळवलेलं सापडेल आणि डेटाबेस चकार शब्द काढणार नाही. ‘ब्रास (घन)’ आणि ‘ब्रास (चौरस)’ अशी दोन एककं करा. प्रत्येक एककाला ‘जात’ द्या (घनफळ, क्षेत्रफळ, वजन, लांबी, नग, दिवस) आणि एका जातीतून दुसऱ्या जातीत रूपांतर होऊच देऊ नका.

‘ट्रिप’ हे एकक नव्हे. डंपरचा हौदा मोजून त्या गाडीच्या नावावर ब्रास लिहा. ओळीवर ट्रिपांची संख्या आणि गाडी टाकली की ब्रास आपोआप यावेत.

सळईचं बिल वजनकाट्याच्या पावतीवर होतं, साइटवर मात्र नग मोजले जातात. पडताळणीसाठी सूत्र घालून ठेवा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीची १२ मीटरची सळई १०.६७ किलो भरते. १०० नग म्हणजे १,०६७ किलो. काट्याची पावती १,०५० दाखवत असेल तर सोडून द्या, कारखान्यात व्यासाला थोडी सूट असतेच. ९६० दाखवत असेल तर नग परत मोजा. खर्चात मात्र नेहमी पावतीचं वजन.

ओळीवर तीन रकाने हवेत: मूळ परिमाण, मूळ एकक, मूलभूत एककातलं (घनमीटर, चौरस मीटर, किलो) परिमाण. रूपांतर झाल्यावर मूळ आकडा पुसू नका. पुरवठादाराशी वाद झाला तर तो ब्रासमध्येच बोलणार.

रक्कम कोणत्या डेटाटाइपमध्ये ठेवायची?

डेसिमल. रकमेला १४ अंक आणि दोन दशांश, परिमाणाला तीन, दराला चार. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, त्यामुळे हजार ओळींनंतर बेरजेत पैशांचा फरक पडतो आणि ‘बेरीज जुळते का’ ही तपासणी विनाकारण फसते. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये खरा डेसिमल नसतो, तिथे रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा, ₹१२५.५० म्हणजे १२५५०.

अजून एक. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ८.०.१६ आवृत्तीच्या आधी चेक कन्स्ट्रेंट (रकान्यात काय चालेल याचा नियम) लिहिता यायचं, पण पाळलं जात नसे. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (ओळीवरचा क्रमांक मूळ यादीत असलाच पाहिजे हा नियम) दर कनेक्शनला मुद्दाम चालू करावी लागते. दोन्ही बाबतीत एरर येत नाही, म्हणून सहा महिन्यांनी कळतं. डेटाबेस सुरू करण्याआधी मुद्दाम चुकीची नोंद टाकून बघा, नाकारली पाहिजे.

जीएसटीसकट लिहायचं की सोडून?

करपूर्व रक्कम, कराचा दर आणि कराची रक्कम, तिन्ही वेगळे रकाने. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल तर तुमचा खर्च करपूर्व रकमेएवढा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ही वजावट नाही, करासकट सगळा खर्च तुमचाच. हा निर्णय रिपोर्टात घ्यावा, नोंदीत नव्हे.

कराचा दर वस्तूच्या यादीत ठेवला तर काय होतं ते सिमेंटवरून कळेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. करपूर्व ₹२८०ची गोणी आदल्या दिवशी ₹३५८.४० आणि त्या दिवसापासून ₹३३०.४०. यादीतला दर बदलला की जुनी बिलंही नव्या दराने मोजली जातात. म्हणून दर ओळीवरच, बिलाच्या तारखेला जो होता तो. आणि त्या तारखेच्या अलीकडची-पलीकडची दोन कामं करासकट रकमेवर ताडून बघू नका, नाहीतर नव्या साइटच्या सुपरवायझरला फुकटची शाबासकी मिळेल.

टीडीएसबद्दल थोडक्यात: पोटकंत्राटदाराच्या ₹१,००,००० बिलातून एक टक्का कापून ₹९९,००० दिले, तरी खर्च ₹१,००,०००च. अनामत कापली तरी तेच.

मुकादमाला दिलेली उचल खर्चात धरायची का?

नाही. उचल ही येणं आहे. ती खर्चात टाकली की पुढे हजेरीचा पगारही खर्चात पडतो आणि मजुरी दुप्पट दिसते.

एक आठवडा घ्या. मुकादमाला आधी ₹२०,००० उचल दिली. आठवड्यात ३ गवंडी ६ दिवस ₹९०० प्रमाणे ₹१६,२००, ५ बिगारी ६ दिवस ₹६०० प्रमाणे ₹१८,०००, एकूण ₹३४,२००. शनिवारी ₹५,००० उचलीतून कापून हातात ₹२९,२०० दिले. खर्च ₹३४,२००, रोख गेली ₹२९,२००, उचल शिल्लक ₹१५,०००. तीन आकडे, तिन्ही खरे, आणि रोजमेळ फक्त मधला दाखवतो.

डेटाबेसात हजेरीपट हे बिल म्हणून जातं, उचल हे बिलाशी न जोडलेलं पेमेंट म्हणून. कपात म्हणजे त्या जुन्या पेमेंटमधले ₹५,००० या बिलाला जोडणं. उचलीसाठी वेगळं टेबल लागत नाही, जोडणीचं टेबल त्याचसाठी केलं होतं. मुकादम टोळीसह दुसऱ्या साइटवर गेला तरी उचल त्याच्या नावावर राहते, साइटच्या नाही.

एकच जेसीबी सकाळी एका साइटवर, दुपारी दुसऱ्या साइटवर. भाडं कुठे टाकायचं?

लॉगबुकचे तास असतील तर तासांप्रमाणे दोन ओळी करा. ऑफिसचं भाडं, हिशेबनिसाचा पगार यांना तास नसतात. ते आधी ‘मुख्य कचेरी’ नावाच्या प्रकल्पावर टाका आणि महिन्याला एकदा ठरलेल्या प्रमाणात वाटा. प्रमाण वर्षभर बदलू नका, नाहीतर तोट्यातल्या कामावरचा खर्च हळूच नफ्यातल्या कामाकडे सरकतो.

₹१०,००० तीन साइटवर सारखे वाटले तर ₹३,३३३.३३ तीनदा, म्हणजे ₹९,९९९.९९. राहिलेला पैसा सर्वांत मोठ्या किंवा शेवटच्या ओळीवर टाका.

एका साइटवरून दुसरीकडे ४० गोण्या गेल्या तर पहिल्या साइटवर उणे ४०, दुसरीवर अधिक ४०, दोन्हीकडे मूळ खरेदीचा दर. त्या दिवसाचा बाजारभाव लावलात तर कागदावर नफा उगवतो.

खर्च कोणत्या तारखेला धरायचा?

तीन तारखा साठवा: माल उतरल्याची, बिलाची, पैसे दिल्याची. तुलनेसाठी पहिली. २८ मार्चला उतरलेल्या खडीचं बिल ६ एप्रिलला येतं आणि पैसे मे महिन्यात जातात, पण खडी मार्चच्या कामात गेलेली असते.

यातूनच एकच खर्च दोनदा नोंदला जाण्याचा नेहमीचा प्रकार होतो. क्रशरवाला महिन्याला एक बिल देतो, त्यात चौदा चलनं (प्रत्येक खेपेसोबत आलेल्या पावत्या) असतात. सुपरवायझरने चलनं टाकली, ऑफिसने बिल टाकलं, खडीचा खर्च दुप्पट. उपाय: चलनांचं ‘आवक’ हे वेगळं टेबल. बिल आलं की त्याची चलनं त्याला जोडायची. न जोडलेली चलनं म्हणजे यायची राहिलेली बिलं, ती अंदाजे दराने वेगळ्या रकान्यात दाखवा. शिवाय पक्ष, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) टाका. वर्ष घ्यायचं कारण, एप्रिलमध्ये बरेच दुकानदार बिल क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात.

अंदाजपत्रकाशी ताडताना आकडे भलतेच येतात. काय चुकतं?

आधी कोणतं अंदाजपत्रक हे ठरवा. काम देणाऱ्या सरकारी खात्याचं अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवर असतं. तुम्ही टेंडर त्याहून काही टक्के कमी (बिलो) भरलेलं असतं. आणि तुमचा स्वतःचा खर्चाचा आराखडा तिसराच. प्रत्यक्ष खर्च ताडायचा तो तिसऱ्याशी. टेबलात ‘आवृत्ती’ रकाना ठेवा आणि जुनी आवृत्ती पुसू नका.

आकडे दुपटीने वाढत असतील तर जॉइन, म्हणजे दोन टेबलं कशी जोडलीत ते, बघा. सळईच्या आराखड्यात दोन ओळी आहेत, पाया ₹१,००,००० आणि स्लॅब ₹१,४०,०००. बिलं पाच, एकूण ₹२,७५,२००. दोन्ही टेबलं ‘प्रकल्प आणि साधन’ यावर थेट जोडली की दहा ओळी होतात. आराखडा दिसतो ₹१२,००,०००, खर्च ₹५,५०,४००. वाईट म्हणजे आराखड्यापेक्षा खर्च निम्म्याने कमी दिसतो आणि मालक खूश होतो. आधी दोन्ही टेबलांची प्रकल्प-साधनवार वेगवेगळी बेरीज करा, मग जोडा. आराखड्यात नसलेला खर्च आणि खर्च न झालेला आराखडा, दोन्ही दिसायला फुल आउटर जॉइन लागतो. मायएसक्यूएलमध्ये तो नाही, तिथे दोन लेफ्ट जॉइनचा युनियन करावा लागतो. रिकाम्या जागी शून्य घाला, नाहीतर वजाबाकीही रिकामी येते.

फरक मिळाल्यावर त्याची फोड करा. आराखडा ४,००० किलो, ₹६० दराने ₹२,४०,०००. प्रत्यक्ष ४,३०० किलो, ₹६४ दराने ₹२,७५,२००. फरक ₹३५,२००. त्यातले ₹१७,२०० दर वाढल्यामुळे (₹४ गुणिले ४,३००) आणि ₹१८,००० माल जास्त गेल्यामुळे (३०० किलो गुणिले ₹६०). पहिल्यासाठी खरेदी करणाऱ्याला विचारायचं, दुसऱ्यासाठी बारबेंडरला (सळई कापून वाकवणाऱ्याला) आणि सुपरवायझरला. नुसते ₹३५,२०० घेऊन कुणाला विचारणार?

शिराळ्याचं काम आणि जतचं काम, यांची तुलना होऊ शकते?

होते, पण एकूण रकमेची नाही. इमारतीला प्रति चौरस मीटर, गटार आणि रस्त्याला प्रति मीटर, काँक्रीटला प्रति घनमीटर खर्च काढा. अंश आणि छेद एकाच तारखेचे हवेत. खर्च मार्चअखेरचा आणि मोजमाप फेब्रुवारीतल्या रनिंग बिलाचं (काम चालू असताना टप्प्याने केलेल्या बिलाचं) घेतलं तर चालू काम नेहमी महाग दिसतं. अर्धवट काम पूर्ण झालेल्या कामाशी एकूण पातळीवर ताडू नका. पाया पायाशी, स्लॅब स्लॅबशी. ‘कशासाठी’चा रकाना इथे पैसे वसूल करतो.

वाहतूक मालाच्या दरात मिसळू देऊ नका. खाणीपासूनचं अंतर वेगळं, म्हणून खडीचा पोहोच दर वेगळा. वाहतुकीची ओळ वेगळी असेल तर खरेदी कुठे चांगली झाली ते दिसतं. जत, आटपाडी, माणकडे पाण्याच्या टँकरचं शीर्ष उघडावं लागतं. शिराळा, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात काम थांबतं, पण वॉचमन आणि सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं चालूच राहतं. असा वेळेवर चालणारा खर्च वेगळा काढा आणि कॅलेंडरच्या महिन्यांऐवजी हजेरीपटावरच्या कामाच्या दिवसांनी भागा.

नावं मराठीत साठवली तर चालतील का?

चालतील, फक्त जोडणी नावावर करू नका, क्रमांकावर करा. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ वेगळे दिसतात, ते सोडा. ‘कऱ्हाड’ हा एकच शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशननेही हा फरक जात नाही, ती अदलाबदल स्वतः कोडमध्ये करावी लागते. तालुका, पक्ष, साधन हे सगळं यादीतून निवडायला लावा, टाइप करू देऊ नका.

चुकलेली नोंद खोडायची का?

त्याच दिवशी, ‘कच्चं’ असताना खोडा. पक्की झाल्यावर उणे रकमेची उलट नोंद आणि नवी बरोबर नोंद. कुणी, कधी हे आपोआप नोंदलं जाऊ द्या.

बॅकअप किती वेळा?

रोज रात्री, आणि एक प्रत गावाबाहेर किंवा क्लाउडवर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं. तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्डडिस्क एकदमच भिजतात. चलनांचे फोटो डेटाबेसात कोंबू नका, फोल्डरमध्ये ठेवून फक्त पत्ता साठवा, म्हणजे रोजची प्रत लहान राहते. महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या मशिनवर उघडून बघा.

आधीची संपलेली कामं भरायची का?

बिलवार नाही. शेवटची दोन-तीन पूर्ण झालेली कामं घ्या, प्रत्येक कामाची साधन आणि भागवार एकेक बेरजेची ओळ टाका, सोबत अंतिम बिलातलं परिमाण. एका कामाला दीड-दोन दिवस लागतात. जुन्या फाइलीत जे ‘इतर’ होतं ते ‘इतर’च राहू द्या, आठवून वाटणी करू नका.